मानेतल्या दोन कण्या

नवऱ्याच्या गळ्यात माशाचा काटा अडकलाय असं स्वतःशीच ठरवून मी त्यांना सतरा दिवस रोज सकाळी चमचाभर निखळ आगळ पाजलं. आगळ म्हणजे कोकमाचा मिठात मुरवलेला रस. पाणी न घालता जिभेवर घेतला तर चांगला धडधाकट माणूस एक डोळा मिटतो. काटा नव्हताच. जे होतं ते मानेतल्या रक्तवाहिनीत होतं, आणि ते मला एका डॉक्टरणीने फोटोवर बोट ठेवून दाखवलं होतं. मी बघितलं, कळल्यासारखी मान हलवली, आणि घरी येऊन आगळाची बाटली खाली काढली.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, आता चौऱ्याहत्तर. त्या एकसष्टीच्या बाईला मी चांगली ओळखते, पण आज रस्त्यात समोर आली तर छत्री आडवी धरून पुढे जाईन. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गावात कुणाचं अंग तापलं की बोलावणं येण्याआधी थर्मामीटर घेऊन हजर. डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांतली कुठली घ्यायची आणि कुठली ठेवून द्यायची, हे ती सांगायची. लोक ऐकायचे, कारण त्यातल्या अर्ध्या लोकांना तिने सातवीत पट्टीने मारलेलं होतं.

तर दातांपासून सांगते.

नवरा बोटीवर फिटर होता. उभा जन्म इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळे घरातही बोलणं चढ्या आवाजात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाजवळच्या त्या दगडी चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. बाहेरच्यांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली लांबलचक विनवणी. मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, दर्यात असलेल्यांना सांभाळ, कुणाचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. दर वाक्यागणिक सगळा गाव एका आवाजात 'होय महाराजा' म्हणतो. हे कुठे लिहिलेलं नसतं. सासऱ्यांनी घातलं ते ऐकून यांनी घातलं. बोटीवरची नोकरी असताना हा माणूस पोरांच्या बारशाला आला नाही, आईच्या दिवसांना पोचला नाही, पण शिमग्याची सुट्टी भांडून घ्यायचा.

त्या वर्षीच्या आदल्या शिमग्यात पुढचे चार दात गेलेले होते. गाऱ्हाण्यात 'सुखासमाधानाने' म्हणताना शिट्टी वाजली. मागे उभी असलेली पोरं फिसकली, आणि एकदा फिसकलेली पोरं मग प्रत्येक 'स'ची वाट बघत राहिली. घरी येऊन हे जेवायला बसले नाहीत. पडवीत बिडी ओढत बसले.

"देवाला कळतं गो," म्हणाले. "देवाला शिट्टीतलं पण कळतं. पण गावाला कळायला हवं ना."

वर्षभर चालढकल केली, तोवर उरलेले दातही पडले, आणि शेवटी पुढच्या शिमग्याला तीन आठवडे उरले तेव्हा कवळीसाठी रत्नागिरीत गेलो. डॉक्टरीण नवीन होती, पंचविशी-सव्विशीची. तोंडात डोकावून म्हणाली, हिरडीत जुन्या मुळांचे तुकडे राहिलेत का ते बघायला अख्ख्या जबड्याचा फोटो काढावा लागेल.

ते यंत्र मी पहिल्यांदाच बघत होते. माणसाने उभं राहून हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत एक काडी धरायची, आणि यंत्राचा हात डोक्याभोवती हळूहळू फिरतो. यांना दात नव्हते म्हणून काडी ओठांत धरायला लावली. यंत्र फिरून थांबलं आणि हे बाहेर आले ते हसत.

"दृष्ट काढली काय गो माझी? मीठमोहऱ्या दिसल्या नाहीत कुठे."

"दृष्ट लागण्यासारखं काय राहिलंय?" मी म्हटलं. डॉक्टरीण पण हसली. तो दवाखान्यातला आमचा शेवटचा विनोद.

मग तिने कवळीचं माप घ्यायला यांच्या तोंडात मसाला भरलेला साचा बसवला, चार मिनिटं तोंड हलवू नका म्हणाली, आणि मला बाजूच्या भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीकडे बोलावलं. तिथे फोटो लावलेला होता. फणस चिरून दोन्ही भाग उताणे पसरावेत तसा जबडा या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेला. दात नसलेली माणसं त्या फोटोत फार म्हातारी दिसतात. तिने पेन्सिलीचं टोक जबड्याच्या कोपऱ्याखाली नेलं, जिथे मानेचे मणके सुरू होतात त्याच्या जरा पुढे. तिथे दोन पांढरे ठिपके होते, एकाखाली एक. तांदूळ पाखडल्यावर सुपात राहते ना कणी, तशा दोन कण्या.

"हे दाताचं नाही, हाडाचंही नाही," ती म्हणाली. "इथे मऊ भाग असतो आणि त्यात कॅल्शियम साचलंय. कधी ती जुनी सुकलेली गाठ असते, कधी लाळेच्या ग्रंथीतला खडा. पण ही जागा मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीची आहे. काकांना बीपी आहे, बिडी आहे, म्हणून मला शंका येते. मी दातांची डॉक्टर, मी यापुढे सांगू शकत नाही. मानेची सोनोग्राफी करतात, दुखत नाही काही. फिजिशियनला चिठ्ठी लिहून देते. या आठवड्यात करून घ्या."

"कवळी थांबवायची का?"

"कवळी होऊ दे, ते वेगळं." तिने मागे वळून खुर्चीकडे बघितलं. "काका जरा घाबरट वाटतात. तुम्ही शिक्षिका आहात म्हणालात ना, तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा."

खुर्चीत हे तोंडात साचा घेऊन आढ्याकडे बघत पडलेले. साच्याबाहेर आलेली लाळ हनुवटीवरून कानाकडे चाललेली. डोळे आमच्याकडे वळवून भुवया उडवल्या, काय म्हणून. मी हाताने खूण केली, काही नाही.

स्टँडवर पोचेपर्यंत तीनदा विचारलं. "काय दाखवत होती ती?"

"मुळं साफ आहेत म्हणाली."

हे खरंच होतं. मुळं साफ होती. खोटं न बोलता फसवण्याची कला त्या बाईला तीस वर्षं पालकसभा घेऊन आलेली होती.

गाडीत खिडकीशी बसून तिने विचार सुरू केला. चिठ्ठीत इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचलं. मऊ भागात कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे काय, तर हाड. मऊ भागात हाड कुठून येईल? बाहेरून. आणि वीस दिवसांमागे घरात भिंग आणला होता. भिंग हा मासा चवीला लोण्यासारखा, पण अंगभर केसासारखे काटे. दात नसलेल्या माणसाला तो वाढू नये हे लहान पोराला कळतं, पण यांनी हट्ट केला आणि मी वाढला. जेवताना दोनदा ठसका लागला होता. झालं. गाडी गावच्या फाट्याला लागेपर्यंत माझं निदान पक्कं झालं होतं. दोन कण्या म्हणजे भिंगाच्या काट्याचे दोन तुकडे. एवढीशी पोर, तिच्या आईनेही घरात भिंग शिजवला नसेल, तिला काय कळणार.

रक्ताची नळी आणि अन्नाची नळी यांच्यातला फरक मी सातवीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवत असे. त्या दिवशी तो फळा माझ्या डोक्यातून कुणी पुसला, मला आजही कळत नाही. म्हणजे कळतं. मला तो पुसलेलाच हवा होता.

कारण खरं सांगायचं तर काट्यावर माझा पुरता विश्वास कधीच बसला नव्हता. मला तीन आठवडे काढायचे होते. वादळात इंजिनरूमला राहिलेला हा माणूस रक्त तपासायची सुई बघून खुर्चीत आडवा व्हायचा. मानेत काही आहे म्हटलं असतं तर त्याने त्या रात्रीपासून झोप सोडली असती. मुलाला मुंबईत कळलं असतं, तो पहिल्या गाडीने येऊन दोघांना घेऊन गेला असता. तिकडे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, आणि इकडे पालखी सहाणेवर बसली असती. शिमगा होऊ दे, मग दाखवू, असं मी ठरवलं. आणि अजून एक होतं, ते लिहायला हात जड होतो. घरात एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, हे मला आवडत होतं.

डॉक्टरणीने सोबत दिलेला फोटो मी कपाटात साड्यांखाली ठेवला आणि चिठ्ठी शब्दकोशात. तो घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नसे.

उपचार दुसऱ्या दिवशी सुरू झाले. अंड्याचं कवच आंबट द्रावणात ठेवलं की विरघळतं, हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करून दाखवायचे. आमच्याकडे आगळाइतकं आंबट दुसरं काय. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा. दुपारी कोरड्या भाताचे लिंबाएवढे गोळे, न चावता गिळायचे. आणि संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून मानेला मालिश. कानाखालून खाली, कानाखालून खाली, अंगठ्याने दाबून. चिठ्ठीत डावी बाजू लिहिली होती, म्हणून डावीकडे जास्त.

"हे सगळं कशाला?" यांनी विचारलं.

"गाऱ्हाण्याला गळा मोकळा होतो."

मालिश यांना फार आवडायला लागली. संध्याकाळ झाली की स्वतःच सदऱ्याचं वरचं बटण काढून पडवीच्या पायरीवर बसायचे.

"लग्नाला छत्तीस वर्षं झाली," एकदा म्हणाले, "एवढी सेवा कधी झाली नाय. काय हवंय काय तुला? बांगड्या?"

"गप बसा आणि मान वर करा."

"नाय, आधी सांग. मागाहून मोठं काहीतरी काढशील."

"मोठंच आहे. तुमचं तोंड दोन मिनिटं बंद हवंय."

मान वर करून गप्प बसले. मी दाबत राहिले. अंगठ्याखाली नस उडत होती ती मला लागत होती. आजही लागते.

अकराव्या की बाराव्या दिवशी हे सकाळी पेपर वाचत होते. हाक मारली ती जरा वेगळीच वाटली म्हणून मी बाहेर आले. डाव्या डोळ्यावर हात धरून बसले होते.

"या डोळ्यावर कुणीतरी पडदा ओढल्यासारखं झालंय गो. वरून खाली."

"दुखतंय?"

"दुखत नाय. काळं."

मी जवळ बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, वर गेला पडदा, दिसतंय. मी हुश्श केलं आणि लगेच कारणही काढलं. पित्त. उपाशीपोटी आगळ जातंय, पित्त चढणारच. धन्याजिऱ्याचं पाणी उकळून दिलं आणि आगळाचा चमचा अर्ध्यावर आणला. म्हणजे शरीराने दार वाजवून सांगितलं होतं की बाई, वेळ जातोय, आणि मी दार न उघडता आत धनेजिरे कुठे ठेवलेत ते शोधत होते.

कवळी आली ती पालखी सहाणेवर यायला तीन दिवस उरले असताना. यांनी आरशात बघितलं. दोन दिवस ती बसेपर्यंत त्रास होईल असं सांगितलं होतं, पण माणूस थांबायला तयार नाही. घरी आल्या आल्या मागच्या परसात जाऊन उभे राहिले आणि फणसाला गाऱ्हाणं घालायला लागले. मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. खिडकी उघडी होती. दर वाक्याला मी आतून 'होय महाराजा' म्हणत होते. शिट्टी एकदाही वाजली नाही. आवाज तसाच, चाळिशीतला. मला वाटलं, जिंकले मी. आगळाने जिंकलं.

मग मुंबईच्या लेकरांचं वाक्य आलं आणि त्याच्या मध्येच शब्द बदलले. चाल तीच, चढउतार तेच, पण शब्द शब्द नव्हते. लाटेसारखं काहीतरी येत होतं आणि वाक्य संपायच्या जागी बरोबर संपत होतं. मी समजले, कवळी सुटली. चेष्टेने अजून मोठ्याने 'होय महाराजा' म्हटलं. पुढचं वाक्यही तसंच आलं. मी पुन्हा म्हटलं. वर हसून ओरडले, "अहो, कवळी काढा आधी, फणस घाबरला."

उत्तर आलं नाही. खिडकीतून बघितलं तर हे फणसाला डाव्या हाताने धरून उभे, उजवा हात लोंबता, आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली. कवळी तिरकी बाहेर आलेली. मी धावत गेले. पहिली काय केली ती गोष्ट, तर ती कवळी त्यांच्या तोंडातून काढली आणि पदरात धरली. ते माझ्याकडे बघत बोलत होते. फार महत्त्वाचं काहीतरी सांगत असल्यासारखं, न थांबता. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

दीर शेजारीच राहतो. त्याने गाडी काढली. रत्नागिरीच्या दवाखान्यात मेंदूचा फोटो झाला, मग मानेची सोनोग्राफी झाली, तीच, न दुखणारी. मेंदूच्या डाव्या बाजूचा, बोलण्याचा भाग गेला होता. मानेतली डावी नळी बरीचशी बुजलेली होती. मोठे डॉक्टर शांत होते. त्यांनी विचारलं, "याआधी कधी मानेची तपासणी करायला सांगितलं होतं का कुणी? डोळ्यापुढे अंधारी वगैरे?"

मुलगा तोवर मुंबईहून पोचला होता, माझ्या बाजूला उभा होता.

"नाही," मी म्हटलं.

जरा वेळाने मुलगा औषधं आणायला गेला तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "अशा नळीला वरून कुणी चोळलं तर?"

"कुणी चोळलं?"

"कुणी नाही. आपलं विचारते."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "चोळू नये," म्हणाले. "आतला एखादा कण सुटून वर जाऊ शकतो. त्यानेच होतं असं नाही. पण चोळू नये."

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले तेव्हा शब्दकोशातली चिठ्ठी आणि कपाटातला फोटो काढून न्हाणीच्या चुलीत घातले. एकतीस वर्षं पोरांना सांगत आले की चूक झाली तर ती खोडू नका, एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा. ती बाई चुलीपुढे कागद पुरता जळेपर्यंत उकिडवी बसून होती. फोटो मात्र जळेना, वास सुटला, म्हणून ओढून काढला. तो कडेला वितळलेला फोटो मी कपाटाच्या मागे सरकवला.

त्या वर्षी सहाणेवरचं गाऱ्हाणं दिराने घातलं. त्याने ते पाठ केलेलं नव्हतं, दोनदा अडकला. आम्ही दवाखान्यात होतो, मला नंतर कळलं. पालखी मग घरोघरी फिरते, ती आमच्या दारी आली तेव्हा आम्ही घरी परतलेलो. यांना खुर्चीवर बसवून दारापुढच्या खळ्यात आणलं. बायकांनी ओट्या भरल्या. दिराने दारातलं छोटं गाऱ्हाणं सुरू केलं, या घरावर आलेलं संकट दूर कर म्हणाला, आणि सगळ्यांच्या आवाजात एक आवाज स्पष्ट आला. होय महाराजा. यांचा. शब्दन्‌शब्द स्वच्छ.

गाव रडलं. देवाने वाचा दिली म्हणून पालखीखाली लोटांगणं झाली. मीही रडले. पण देवाने दिलं ते तेवढंच होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं सवयीने तोंडात बसलेलं कधी कधी राहतं, ते मेंदूत वेगळीकडे साठवलेलं असतं. याचा अर्थ बोलणं परत येईलच असं नाही. आलं नाही. पुढची साडेतीन वर्षं त्या माणसाकडे दोनच शब्द होते. चहा हवा, होय महाराजा. चहा नको, होय महाराजा. चादर ओली झाली, होय महाराजा. मुलाचा फोन आला की कानाशी धरून होय महाराजा, होय महाराजा, आणि डोळ्यांत पाणी. रागावला तर तेच शब्द दात नसलेल्या तोंडातून थुंकल्यासारखे यायचे. पहिल्या वर्षी भेटायला आलेली माणसं ऐकून गहिवरायची. दुसऱ्या वर्षी हसू दाबायची. तिसऱ्या वर्षी यायची थांबली. मी स्वतः एकदा वैतागून म्हटलं, "अहो, दुसरं काहीतरी बोला आता." मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने उजव्या हाताला तेल लावून चोळायला सांगितलं होतं. ते मी रोज करायचे, पण खांद्यापर्यंत. खांद्याच्या वर माझा हात जायचा नाही. यांना मात्र संध्याकाळचं आठवत होतं. तेलाची वाटी दिसली की डाव्या हाताने सदऱ्याचं बटण सोडवायचा प्रयत्न करायचे आणि मान वर करून थांबायचे. मी हात चोळत राहायचे. ते माझं मनगट धरून स्वतःच्या मानेकडे ओढायचे. "होय महाराजा," अगदी लाडाने.

"नाही," मी म्हणायचे. "तिथे नाही." आणि का नाही, ते सांगायची सोय नव्हती.

एका दुपारी सांगितलं. घरात कुणी नव्हतं. कपाटामागचा तो फोटो आणला, त्यांच्या मांडीवर ठेवला, दोन कण्या दाखवल्या. डॉक्टरणीने काय सांगितलं होतं ते सांगितलं, चिठ्ठी, भिंग, आगळ, मालिश, सगळं. शिमगा चुकू नये म्हणून केलं हेही सांगितलं आणि ते पुरतं खरं नाही हेही सांगितलं. हे फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग म्हणाले, होय महाराजा.

त्याचा अर्थ काय लावायचा? मला कळलं, असा? मला सगळं माहीत होतं, असा? तोंड बंद कर आणि पाणी दे, असा? मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

चौथ्या वर्षी श्रावणात ताप छातीत उतरला आणि आठ दिवसांत गेले. जाताना काही बोलले नाहीत, ते दोन शब्दही नाहीत. आता गाऱ्हाणं दीर घालतो. अजून अडकतो.

मुलाला मी हे सांगितलेलं नाही. तो हे वाचेल. वाचू दे.

गेल्या वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. गावातल्या बायका म्हणाल्या, लवंग धर. मी कुठलाही उपाय न करता पहिल्या गाडीने रत्नागिरीत गेले, त्याच दवाखान्यात. डॉक्टरणीला आता चष्मा लागलाय, कानापाशी चार केस पांढरे. तिने मला ओळखलं नाही. त्याच तऱ्हेच्या यंत्रात मला उभं केलं. माझ्याकडे दात आहेत, म्हणून काडी नीट धरता आली. आता फोटो भिंतीवर लावत नाहीत, संगणकावर येतो.

"दाढ काढावी लागेल," ती म्हणाली.

"दाढ राहू दे. मान बघा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्यावरचं चित्र मोठं केलं. दोन्ही बाजू सावकाश पाहिल्या. "मानेत काही नाही आजी. हे इथे बारीक पांढरं दिसतंय ते टॉन्सिलमधले खडे, त्याने काही होत नाही. नळ्यांच्या जागा स्वच्छ आहेत."

माझी मान स्वच्छ. बीपी मलाही आहे, भिंग मीही खाल्ला. असल्या बाबतीत माझ्यावर कृपा व्हायची काही गरज नव्हती.

मग मी तिला सांगितलं. कोण मी, कोण ते, कुठल्या शिमग्याआधी. तिला फोटो आठवला नाही, पण साचा तोंडात असताना लाळ गाळत भुवया उडवणारे काका आठवले. बाहेर दोन पेशंट बसले होते. तिने दार लावून घेतलं. मी आगळाचं सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर किंचित काहीतरी हललं. मालिशचं सांगितलं तेव्हा ती हातातले मोजे काढून बसली. तपासलं असतं तर वाचले असते का, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाली, कदाचित गोळ्या मिळाल्या असत्या, कदाचित नळी साफ करायला पाठवलं असतं, कदाचित तरी झालं असतं. मी म्हटलं, मला तुमच्याकडून काही नको, मी फक्त सांगून टाकलं. मग ती जे बोलली ते मी गाडीत बसल्या बसल्या पिशवीतल्या कागदावर लिहून घेतलं, शब्द बदलू नयेत म्हणून:

"आजी, तुमचं कमी करायला म्हणून सांगत नाही. चिठ्ठी तुम्ही लपवलीत, ते तुमचं. पण तुमच्या हातात ती मी दिली. ते चार मिनिटं तोंडात साचा घेऊन पडले होते. मी पाचव्या मिनिटाला त्यांना सांगू शकले असते. मला वाटलं, घाबरतील. घाबरले असते तर घाबरले असते. निदान त्यांनी स्वतः ठरवलं असतं, आधी शिमगा की आधी डॉक्टर."